सूर्यास्तापूर्वीचे पथ्याचे ताट

मालवण किनाऱ्यावरील व्यापारी घरांसाठी मधुमेहाचा स्वस्त, ताजा आणि जैन आहार, मायक्रोवेव्हच्या साहाय्याने

डिसेंबरात मालवणला सहाच्या सुमारास सूर्य समुद्रात उतरतो; जूनमध्ये त्यासाठी सात वाजून जातात. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरात या तासाभराच्या फरकाला मोठा अर्थ असतो. मालवण, कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले किंवा सावंतवाडीच्या बाजारपेठेत किराणा, कापड, भांडी अथवा सराफीचे दुकान सांभाळणाऱ्या गृहस्थाकडे नेमक्या त्याच वेळी गिऱ्हाइकांची गर्दी असते. हिवाळ्यात पाच वाजल्यानंतर गल्ल्यावरून उठवत नाही आणि सहानंतर ताटावर बसता येत नाही. मग हाताशी जे असेल त्यावर वेळ मारून नेली जाते. चार खाकरे, मूठभर फरसाण, सकाळचा भात आणि वर साखर घातलेले कपभर दूध, असे हे जेवण असते. निरोगी माणसाचे यात फारसे बिघडत नाही. मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर मात्र त्या रात्री चढते, आणि असे वर्षानुवर्षे घडले की डोळे, मूत्रपिंडे, पाय व हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरी अडचण स्वयंपाकघरातील आहे. घरात पथ्य एकाचे असते आणि जेवणारे पाच-सहा असतात. एका माणसासाठी वेगळी कढई, वेगळा कुकर आणि वेगळी फोडणी रोज दोन्ही वेळा करणे गृहिणीला जड जाते. काही दिवसांनी पथ्य सुटते आणि गोळी तेवढी उरते. जैन घरातील मायक्रोवेव्हचा विचार या ठिकाणी करायला हवा. इतरत्र हे यंत्र बहुधा कालचे अन्न गरम करण्यासाठी वापरले जाते. शिळे वर्ज्य मानणाऱ्या घरात त्या उपयोगाला अर्थ नाही. एका माणसापुरते, मोजलेले, ताजे अन्न पंधरा-वीस मिनिटांत, जवळ उभे न राहता शिजवणे हा त्याचा खरा उपयोग आहे. शेजारी घरचा नेहमीचा स्वयंपाक चालू असतानाच पथ्याचे ताट तयार होऊ शकते, आणि तेही दिवेलागणीपूर्वी.

आकडे काय सांगतात

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्व राज्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. बांदा ओलांडले की गोवा सुरू होतो. हा आकडा सिंधुदुर्गाचा नव्हे, तरी भात, नारळ, गोड चहा आणि बैठे काम ही राहणी सीमेच्या दोन्ही बाजूंना बरीच सारखी आहे, हे विसरता येत नाही.

त्याच पाहणीतील आहाराविषयीचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांतून येते, म्हणजे मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांतून, असे त्यात दिसले. या ऊर्जेतील थोडा वाटा जरी डाळी-कडधान्ये किंवा दुधातील प्रथिनांकडे वळवला, तरी मधुमेहाचा धोका कमी होण्याशी त्याचा संबंध आढळला. शाकाहारी व्यापारी घराने यातून घ्यायचा बोध सोपा आहे. भात-पोळीचा वाटा उतरवावा, कडधान्य आणि भाजी यांचा वाटा चढवावा.

ताटाचा हिशेब त्याहून सोपा आहे. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ किंवा कडधान्य, आणि उरलेल्या पाव ताटात भात, भाकरी किंवा पोळी. बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद जैन ताटात मुळातच नसतात, ही जमेची बाजू. पण बटाट्याच्या जागी कच्चे केळे सर्रास येते. तेही पिष्टमय आहे, म्हणून त्याची गणना भाजीत न करता भाताच्या पाव भागात करावी. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी जेवणे, हे बाह्य तपांपैकी एक मानले आहे. मधुमेही माणसाला त्याहून चांगला आहारसल्ला क्वचितच कोणी देऊ शकेल.

किनाऱ्यावरचा स्वस्त शिधा

‘शुगर फ्री’ बिस्किटे, ‘डायबेटिक’ आटा आणि परदेशी धान्यांच्या पाकिटांवर आज बराच पैसा जातो. सिंधुदुर्गातील वाण्याच्या पोत्यांत त्याहून उत्तम माल पूर्वापार आहे.

पहिला मान कुळथाचा. कोकणात भात कापल्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ८ ग्रॅम तंतू असतात. भाजून दळलेल्या कुळथाचे पीठ डब्यात महिनोन् महिने टिकते आणि एका माणसाच्या पिठीला ३० ग्रॅम पुरते. एक किलो पिठात अशा तेहतीस वाढण्या होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कुळीथ आणि नाचणी या दोन्ही पिकांची सुधारित वाणे कोकणासाठी दिली आहेत.

दुसरी नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्याही आत असते. मात्र नाचणी म्हणजे मधुमेहाचे औषध असा जो समज पसरला आहे, तो तपासून घ्यावा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके आहेत. बारीक दळलेल्या पिठाची पातळ पेज वाटीवर वाटी प्यायल्यास साखर झपाट्याने वाढू शकते. नाचणी घ्यावी ती भाताच्या जागी, भाताच्या जोडीला नव्हे. आणि शक्यतो डाळ, ताक किंवा भाजीबरोबर.

तिसरा उकडा तांदूळ. पिढ्यान् पिढ्या कोकणी घरात शिजणारा हा तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय तांदळाच्या तुलनेत सामान्यतः सावकाश पचतो. शिजवून दोन-तीन तास निवलेल्या भातातील थोडे पिष्ट असे बदलते की ते लवकर पचत नाही, आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यातील बराच भाग तसाच राहतो. म्हणून दुपारी बाराला शिजवलेला भात त्याच दिवशी लवकर झाकून थंड जागी ठेवावा आणि संध्याकाळी वाफ येईपर्यंत गरम करून घ्यावा. तो शिळा होत नाही आणि मधुमेही माणसाला थोडा लाभही होतो. लाभ थोडाच असल्याने वाढणीचे माप मात्र एक लहान वाटी हेच राहील.

याशिवाय काळे वाटाणे, चवळी, मूग, आणि परसातील पडवळ, दोडका, भेंडी, तोंडली, दुधी, कारली, काकडी व शेवग्याच्या शेंगा आहेतच. आंबटपणासाठी आमसूल. येथे एक सावधगिरी सांगायला हवी. कोकमाचे आगळ आणि अमृत कोकम या दोन वस्तू वेगळ्या आहेत. आगळात मीठ असते, तर अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक असतो. पाहुणा म्हणून कोणाकडे गेल्यावर ‘कोकमच तर आहे’ म्हणून घेतलेला एक पेला दिवसभराचे पथ्य मोडू शकतो.

यंत्र काय करते, काय करीत नाही

अमेरिकेतील रडारच्या कारखान्यात काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांना १९४५ च्या सुमारास सूक्ष्मलहरींनी अन्न तापते हे ध्यानात आले आणि त्यातून हे यंत्र जन्मले. या लहरी अन्नातील पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. काच आणि चिनीमाती यांतून लहरी आरपार जातात. धातूवरून त्या परततात. म्हणून स्टीलची वाटी, ॲल्युमिनियमची फॉइल किंवा सोनेरी कडेची बशी आत ठेवू नये. प्लास्टिकचे डबेही टाळावेत. मायक्रोवेव्हला चालणारी काचेची झाकणाची दोन भांडी, एक लिटरभराचे आणि एक दोन लिटरचे, एवढे साहित्य पुरते. अंडे-मांसासाठी वापरलेले जुने यंत्र विकत घेण्यापेक्षा साधे, ग्रिल नसलेले, वीस लिटरचे नवे यंत्र घ्यावे. खाली दिलेल्या कृतींना तेवढे पुष्कळ होते.

या यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अख्खी कडधान्ये त्यात शिजवणे वेळेचे आणि विजेचे नुकसान आहे. काळे वाटाणे कुकरमध्येच शिजवावेत. भाकरी त्यात होत नाही. मोहरीची फोडणी गॅसवर लोखंडी पळीत केलेलीच चांगली. पण पाणीदार भाज्या, पिठी, पेज, कढी, ढोकळा आणि पापड या सहा गोष्टी त्यात सुरेख होतात, आणि त्याही अगदी थोड्या तेलात. भाजीत जास्तीचे पाणी घालावे लागत नसल्याने पाण्याबरोबर वाहून जाणारी जीवनसत्त्वेही बरीचशी टिकतात.

पथ्याच्या चार कृती

पुढील वेळा ८०० वॅटच्या यंत्रासाठी आहेत. ७०० वॅटचे यंत्र असल्यास प्रत्येक वेळेत थोडी वाढ करावी. यंत्र थांबल्यानंतर अन्न आतल्या आत शिजतच असते, म्हणून भांडे दोन-तीन मिनिटे झाकून ठेवणे हा कृतीचाच भाग समजावा.

कुळथाची पिठी, एका माणसासाठी. दोन लिटरच्या काचेच्या भांड्यात ३० ग्रॅम कुळथाचे पीठ दीड वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे. त्यात दोन आमसुले, चिमूटभर हिंग, जिरेपूड, हळद, मीठ आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची घालावी. भांडे मोठे घेण्याचे कारण असे की पिठी उतू जाते. दोन मिनिटे तापवून ढवळावे. मग एकेक मिनिटाने ढवळत आणखी तीन-चार मिनिटे शिजवावे. कच्च्या पिठाचा वास गेला आणि पिठी चमच्याला धरू लागली की झाली. कोकणात एरवी लसणाची फोडणी देतात. जैन घरात हिंग-जिऱ्याची चमचाभर तेलातील फोडणी पुरते.

पडवळ आणि मूगडाळ. पाव किलो पडवळाच्या चकत्या आणि दोन तास भिजवलेली पाव वाटी मूगडाळ भांड्यात घ्यावी. दोन टेबलस्पून पाणी, हळद, एक चमचा तेल घालून झाकण ठेवावे आणि आठ-नऊ मिनिटे शिजवावे. मध्ये एकदा हलवावे. डाळ बोटाने दाबून पाहावी. कण लागला तर आणखी एक मिनिट द्यावे. मीठ शेवटी घालावे आणि वरून एक टेबलस्पून ओले खोबरे. याच रीतीने दुधी, दोडका आणि तोंडली होतात. भेंडी मात्र झाकण न ठेवता, धुऊन पूर्ण कोरडी करून, तीन-तीन मिनिटांच्या दोन खेपांत करावी, म्हणजे तार सुटत नाही.

बेसनाचा बिनसाखरेचा ढोकळा, तिघांसाठी. १०० ग्रॅम बेसन, अर्धा चमचा सुंठपूड, मिरचीचा ठेचा, हळद, मीठ, एक चमचा लिंबाचा रस आणि साधारण पाऊण वाटी पाणी यांचे सरसरीत पीठ भिजवावे. दही न घातल्यामुळे विदलाचा प्रश्न येत नाही. शेवटी एक चमचा फ्रूट सॉल्ट घालून लगेच तेल लावलेल्या पसरट भांड्यात ओतावे आणि चार-पाच मिनिटे ठेवावे. सुरी टोचून ती कोरडी निघाली की यंत्र बंद करावे. जास्त वेळ दिला तर ढोकळा दगडासारखा होतो. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सात ग्रॅम प्रथिने येतात. फ्रूट सॉल्टमध्ये सोडियम बरेच असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्याने हा पदार्थ आठवड्यातून एकदाच घ्यावा.

नाचणीचे आंबील. दोन चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, नाचणीचे पीठ एका कपभर पाण्यात कालवून मोठ्या भांड्यात एकेक मिनिटाने ढवळत तीन-चार मिनिटे शिजवावे. कोमट झाल्यावर त्यात अर्धी वाटी ताजे ताक, जिरेपूड आणि मीठ घालावे. नाचणी हे धान्य असल्याने ताक गरम करण्याची गरज नाही. ढोकळा किंवा पिठीबरोबर ताक घ्यायचे असेल तर मात्र ते आधी बोटाला चटका बसेल इतके तापवावे लागते. अशा वेळी ताकात चमचाभर नाचणीचे किंवा तांदळाचे पीठ कालवून, यंत्राची शक्ती निम्म्यावर आणून, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने ढवळत तापवले तर ते सहसा फुटत नाही.

पापडाचेही एक वाक्य. तळलेला पापड आणि यंत्रात पाऊण मिनिटात फुलवलेला पापड यांत चवीचा फरक थोडा आणि तेलाचा फरक पूर्ण असतो. मीठ दोन्हींत तेवढेच, म्हणून तो एकच घ्यावा.

तिथी, आयंबिल आणि चातुर्मास

मधुमेहाच्या सर्वसाधारण पुस्तकांत न सापडणारी अडचण येथे उभी राहते. ज्या घरांत पर्वतिथीला लिलोतरीचा त्याग असतो, तेथे त्या दिवशी ताटाचा भाजीचा अर्धा भाग रिकामा होतो आणि ती जागा नकळत पोळी, भात व फरसाण घेतात. तिथीच्या दिवशी अनेक मधुमेही व्यक्तींची साखर चढलेली दिसते, त्याचे हे एक कारण असते. उपाय कडधान्यांत आहे. कुळथाची पिठी त्या दिवशी हिरव्या मिरचीऐवजी लाल तिखट घालून आणि सुक्या आमसुलावर करता येते. मूग किंवा काळे वाटाणे सकाळी भिजत घालून दुपारनंतर कुकरमध्ये शिजवले तर मोड येण्याआधीच उसळ होते. मोडाचे धान्य वर्ज्य मानणाऱ्यांचाही प्रश्न उरत नाही. भाजीची जागा पूर्णपणे भरून निघत नाही, पण धान्याने ती भरण्यापेक्षा कडधान्याने भरणे केव्हाही हिताचे.

चातुर्मासात पालेभाजी बंद असते. सुदैवाने किनाऱ्यावर तोच पडवळ, दोडका, भेंडी आणि काकडीचा हंगाम असतो. आयंबिलाच्या ओळीत तेल, तूप, दूध, दही, साखर यांबरोबर भाजीही नसते आणि जेवण एकदाच असते. त्या एका जेवणात भाताचा डोंगर घेण्याऐवजी मीठ-मिरी-हिंगाची बिनफोडणीची पिठी, उकडलेले मूग आणि थोडा उकडा भात असा क्रम ठेवावा; आधी कडधान्य, शेवटी भात. मात्र औषध चालू असणाऱ्याने ओळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अनिवार्य आहे.

खर्चाचा ताळेबंद

व्यापारी घराला हिशेब आवडतो, तेव्हा तोही मांडलेला बरा. ८०० वॅट उष्णता देणारे यंत्र प्रत्यक्षात सुमारे १२०० वॅट वीज घेते. दहा मिनिटे चालले तर एक युनिटचा पाचवा भाग, म्हणजे ०.२ युनिट, जळते. एका माणसाचे दोन्ही वेळचे पथ्य रोज पंचवीस मिनिटांत होते असे धरले तर अर्धा युनिट, आणि महिन्याला पंधरा युनिट. ज्याच्या बिलात युनिट दहा रुपयांना पडते त्याला महिन्याचे दीडशे रुपये. त्यात बचतीची बाजू धरावी ती अशी, की एका माणसासाठी वेगळा गॅस पेटत नाही, मोजून शिजवल्याने अन्न उरत नाही आणि ‘शुगर फ्री’च्या नावाखाली येणारी पाकिटे बंद होतात.

दुसरा ताळेबंद चहाचा. दुकानात दिवसाला सहा कप चहा होतो. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर कपाला सुमारे १० ग्रॅम, दिवसाला ६० ग्रॅम. महिन्याला ही रक्कम १८०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन किलो साखर होते. गिऱ्हाइकाबरोबर चहा घ्यावाच लागतो हे खरे. पण अर्धा कप आणि बिनसाखरेचा असा आपला पेला वेगळा सांगितला तर गिऱ्हाईक रागावत नाही.

कोकणातील वीज पावसाळ्यात बेभरवशाची असते. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर जिल्ह्यातील अनेक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. म्हणून यंत्रावर सर्वस्वी विसंबू नये. याच कृती मंद गॅसवर होतात. वीज गेल्यावर अधिक काळजी घ्यावी ती इन्सुलिनची. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे लागते. दीर्घ काळ वीज नसेल तर ते पिशवीत गुंडाळून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावे. गोठलेले किंवा तापलेले इन्सुलिन वापरू नये आणि ते कोणत्याही कारणाने मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.

चौविहार आणि औषधाची वेळ

आहार कितीही नेटका असला तरी या एका बाबतीत चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आणि नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, काही न घेणे म्हणजे हिवाळ्यात जवळजवळ चौदा तासांचा उपवास होतो. लवकर व हलके रात्रीचे जेवण मधुमेहाला बहुधा मानवते. परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची साखर रात्रीतून धोकादायकरीत्या उतरू शकते. ‘रात्री जेवणापूर्वी’ असे लिहिलेली गोळी जेवण साडेपाचला होऊनही सवयीने नऊला घेणे हा यातील सर्वांत घातक प्रकार आहे. म्हणून डॉक्टरांना जेवणाची खरी वेळ सांगावी. ‘आमच्याकडे सहानंतर पाणीही नसते’ हे वाक्य तपासणीच्या खोलीत संकोच न करता उच्चारले पाहिजे. त्यावरून औषध, त्याची मात्रा आणि वेळ डॉक्टर बदलून देऊ शकतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळ उपवास किंवा अठ्ठाई त्यांच्या सल्ल्याशिवाय करूच नये. लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्या रुग्णांना तर दीर्घ उपवास अत्यंत धोक्याचा.

थरथर, घाम, धडधड, गोंधळलेले बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. यंत्रावर ती ७० च्या खाली दिसली तर तत्काळ तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. येथे एक गोष्ट श्रावक-श्राविकांनी मनाशी पक्की ठेवावी. पच्चक्खाण घेतानाच त्यात आगार, म्हणजे सवलती, उच्चारलेल्या असतात. तीव्र व्याधीत समाधी टिकावी यासाठी औषध घेण्याचा ‘सर्वसमाधि’ आगार त्यांतच आहे. प्राण कंठाशी आले असता साखरेचे पाणी नाकारणे पच्चक्खाणाला अभिप्रेत नाही. शंका असल्यास आपल्या गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवावे, म्हणजे मध्यरात्री घरातील माणसे घुटमळत नाहीत. उशाशी साखरेची डबी आणि पाणी असावे, आणि ते कशासाठी आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

मधुमेहाने हातापायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने यंत्रातील काचेचे भांडे नेहमी जाड फडक्यानेच उचलावे. चटका बसलेला कळत नाही आणि जखम मात्र महिनोन् महिने भरत नाही.

राज्यात दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीच्या आधारे, घरोघरी पोहोचवला. बियासणे करणाऱ्या घराला ती कल्पना नवी नाही. पण तोच नियम येथेही लागू आहे: गोळ्या चालू असताना जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत.

आजपासून काय करावे

तीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर तपासून घ्यावी. जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी साखर ६.५ टक्के किंवा अधिक आली तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान करतात. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. येथून परतण्याची संधी सर्वांत मोठी असते.

दुकानात संध्याकाळच्या जेवणासाठी अर्ध्या तासाची पाळी लावावी. थोरला गल्ल्यावर असेल तेव्हा धाकट्याने जेवून यावे, मग थोरल्याने. घरातून फोन आला की यंत्रातील भांडे तयार आहे एवढाच त्याचा अर्थ असावा. जेवणानंतर लगेच खुर्चीत न बसता दहा-पंधरा मिनिटे चालावे. मालवणात धक्क्यापर्यंतचा फेरा तेवढाच भरतो, आणि जेवणानंतरची साखर उतरवण्यास त्याची चांगली मदत होते. पहिला आठवडा जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहावी. कोणत्या ताटाने किती वाढली हे त्या वहीत दिसेल. रोजमेळ नेटका ठेवणाऱ्या घराला ही आणखी एक वही ठेवणे अवघड नाही.